घोटा धरायची सवय

दहिवलीच्या हर्षला भोईर खालापूरच्या एका कॉलेजात खेळ शिकवतात. हंगामापूर्वी फुटबॉलचा संघ निवडताना त्यांची अडचण ठरलेली असते: मुलं गावच्या कबड्डीतून आलेली असतात. बचावाला पळसदरीच्या ऋतिक ठोंबरेइतका चपळ कोणी नाही, पण समोरचा निसटू लागला की तो खाली बसून त्याचा घोटा धरतो. गेल्या वर्षी त्यापायी दोन सामने गेले. यंदा ऋतिकचं शेवटचं वर्ष. निवडीच्या सामन्यातही त्याने तेच केलं.

"परत पाय धरलास?"

"मॅडम, समोर आलेला पाय सुटतच नाय."

"मग तुला संघात घेऊ कशी रं?"

जुना गोलकीपर कंपनीत लागला होता, त्याची जागा रिकामी होती. भोईरांनी हातमोजे ऋतिककडे फेकले.

"गोलात? ज्याला धावता येत नाय त्याला तिथं उभा करतात, मॅडम."

"तिथं धरायला परवानगी हाय. फक्त बॉल धर."

पहिलाच फटका त्याने अडवला आणि बॉल पोटाखाली दाबून पडून राहिला. सगळे थांबले, तरी तो उठेना.

"सोड आता," भोईर ओरडल्या, "बॉल काय मधली रेघ शिवायला पळत नाय. घेतला तुला संघात!"