अंगठ्याने मापणारा फिटर

अंगठ्याला थुंकी लावायची, एक डोळा मिटायचा, अंगठा लोखंडावर टेकवायचा आणि जाहीर करायचं, "बसतंय की!" कापूरहोळ फाट्यावरचा हा फिटर सगळी मापं अशीच घ्यायचा. माझा भोरला लोखंड कातायचा लेथ होता. केसाएवढा फरक पडला तरी मी नग फेकून द्यायचो. त्यामुळे या माणसाला नुसतं बघितलं तरी माझ्या मस्तकात तिडीक जायची.

असे फिटर तुम्हीही पाहिले असतील. पत्र्याची शेड, दारात भंगाराचा ढीग आणि हातात कायम दुसऱ्याच्या गाडीचा एखादा भाग. त्याच्याकडे दुरुस्तीला दिलेला स्टोव्ह परत येताना दोन स्क्रू कमी घेऊन यायचा. विचारलं तर म्हणायचा, "ते जास्तीचं व्हतं."

सत्तरच्या सुमाराची गोष्ट. वेल्ह्याचे एक गुरुजी माझ्याकडे आले. बैलगाडीखाली सापडून त्यांचा पाय कायमचा अधू झाला होता. शाळा वरच्या वाडीत, दोन मैलांच्या चढावर. साहेबांनी बजावलं होतं, पुढच्या महिन्यापासून रोज वेळेवर शाळा उघडा, नाहीतर नोकरी सोडा. गुरुजींजवळ औषध फवारायच्या पंपाचं एक बारकं इंजिन होतं. ते सायकलला लावलं तर चढ चढेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मी पाटीवर गणित मांडलं. असलं इंजिन भिंगरीसारखं फिरतं, पण त्यात जोर नसतो. मध्ये लहानमोठे गिअर घातले तर जोर वाढतो आणि वेग मरतो. या चढाला लागेल तेवढा जोर काढायचा तर गाडी म्हशीपेक्षा हळू चालली असती. "नाद सोडा, गुरुजी," मी म्हणालो. माझे आकडे बरोबर होते.

गुरुजी फिटरकडे गेले. त्याने भंगारातल्या मोटारसायकलचे दोन गिअर इंजिन आणि सायकलचं मागचं चाक यांच्यामध्ये बसवले आणि फाट्यावर सगळ्यांना गोळा करून गाडी चालू केली. गाडी मागे गेली आणि थेट हॉटेलच्या बाकड्यावर आदळली. दात्यांत दाते घातलेले दोन गिअर एकमेकांच्या उलट फिरतात, हे शाळकरी पोरालाही कळतं. मी इतका हसलो की चहा नाकात गेला.

"इंजिनाचं तोंड फिरवून बसव की, शहाण्या."

"कशाला? आनखी येक जोडी घालतो. सरळ बी जाईल, जोर बी वाडंल."

"आणि वेग?"

"टर्नरसाहेब, गुरुजींना म्हशीच्या म्होरं जायचंय कुठं?"

मी त्याला गाढव म्हणालो.

दुसऱ्या जोडीने गाडी सरळ गेली, पण इतकी हळू की दोन चाकांवर तोल राहीना. मग त्याने हातगाडीचं तिसरं चाक जोडलं, तेही तिरकं. फजिती बघायला मी मुद्दाम वेल्ह्याला गेलो. गाडीमागून चढताना मी दोनदा थांबून विडी ओढली, तरी तिला गाठलं. दात्यांच्या खरडण्याने डोकं उठलं होतं. अकराच्या आत गुरुजींनी शाळेचं कुलूप काढलं आणि पोरं आत धावली. बरोबर आलेला फिटर माझ्याकडे बघत होता. शाबास म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही.

गुरुजींची नोकरी राहिली. फिटर दर दिवाळीला वेल्ह्याला जाऊन गिअरचे दाते कानशीने घासून यायचा. त्यातले दोन दाते सारखे नव्हते. तसं सुनावलं की म्हणायचा, "बसत्यात की!"

पुढे एका रविवारी सकाळी काम करता करता तो शेडमध्येच गेला. दुपारी ओढ्याकाठी अग्नी दिला, लोक पांगले. दिवस मावळताना मी अजून फाट्यावरच होतो; रस्त्यावरून ते खरडणं ऐकू आलं. निरोप मिळताच गुरुजी वेल्ह्याहून निघाले होते, त्याच गाडीवर.

"एसटीनं यायचं नाही का?" मी चिडूनच विचारलं.

"त्यांच्याच गाडीनं यावं वाटलं. झालं का सगळं?"

"दुपारीच झालं, गुरुजी."

बंद शेडपुढे ते काठी टेकून उभे राहिले. कारागीर म्हणून तो माणूस टुकार होता, हे माझं मत आजही बदललेलं नाही. पण त्या वेळी मला माझीच लाज वाटली. म्हणालो, "आज माझ्याकडे मुक्काम करा. उद्या टेम्पोत घालून पोचवतो."

"नको. जाणार तेही त्यांच्याच गाडीनं. उद्या सोमवार. आत्ता निघालो तरच शाळा वेळेवर उघडंल," गुरुजी म्हणाले आणि गाडीवर चढले.