अण्णांनी न जमवलेल्या जोड्या

माझे सासरे बाबुराव साटम मोहन्याच्या कारखान्यात टाइमकीपर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी डोंबिवलीत बसून पूर्णवेळ लग्नं जमवायला घेतली. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. माणूस भेटला की अण्णा त्याचं नाव विचारायचे, मग गाव, मग देवक. ज्यांचं देवक एक ती घरं एका रक्ताची, त्यांच्यात सोयरीक नाही, हा त्यांचा नियम. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्या नाथाचंसुद्धा देवक त्यांना ठाऊक होतं. कळव्याच्या एका साखरपुड्यात त्यांनी पेढा तोंडाशी नेता नेता मुलाच्या चुलत्याला देवक विचारलं आणि पेढा परत ताटात ठेवला. त्या घरातली माणसं अजून आमच्याशी धड बोलत नाहीत.

एवढं करून स्वतःची मुलगी मात्र त्यांच्या हाती लागत नव्हती. मंदाकिनी, माझी नणंद, कल्याणच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची आणि ठाण्याच्या एका सरांकडे पीएच.डी. करायची. पदवी मिळेपर्यंत स्थळाचं नाव काढायचं नाही, असं तिने वडिलांना बजावलं होतं. ही त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. कर्ज काढून घेतलेला तिचा कॉम्प्युटर आमच्या बाहेरच्या खोलीत होता. त्याच्यावर मी शिवलेलं कव्हर होतं, आणि पाहुण्यांना तो शिलाई मशीन वाटायचा.

तिचा विषय होता गुप्तलिपी फोडण्याचा, आणि तोही निसर्गाची रीत वापरून. सरांना त्याचा भरवसा नव्हता. महिनाअखेर ठाण्याला दोन पाहुण्या परीक्षकांसमोर ते एक कुलूपबंद मजकूर देणार होते. तो उघडला तर विषय राहील, नाहीतर रद्द. मग इतरांसारखं लायब्ररीच्या पुस्तकांचं सॉफ्टवेअर करायचं, म्हणजे पहिल्यापासून सगळं आलं.

मी वाल सोलत होते, तेव्हा तिने अण्णांना समजावलं. "मजकुरातलं प्रत्येक अक्षर बदललेलं असतं, अण्णा. कुठल्या अक्षराच्या जागी कुठलं, ती झाली किल्ली. खरी किल्ली कुणाला माहीत नाही. म्हणून कॉम्प्युटर वाटेल तशा पुष्कळ किल्ल्या तयार करतो. जिच्याने मजकूर जास्तीत जास्त खऱ्या भाषेसारखा दिसतो, तिला जास्त मार्क. मग चांगल्या मार्कांच्या दोघींची जोडी लावायची. त्यांना मुलं होतात. अर्धं आईचं, अर्धं बापाचं. कमी मार्कांच्या गळतात. असं पिढ्यान् पिढ्या."

अण्णा खुर्चीत सरळ बसले. "म्हणजे हे मशीन लग्नं जमवतं."

"तसंच समजा."

"आणि मी इतकी वर्षं पायी फिरलो."

प्रोग्रॅम दिवसभर चालायचा. तपासता यावं म्हणून मंदाने त्यात थांबे ठेवले होते. जोडी लावण्याआधी पडद्यावर दोन्ही किल्ल्यांचे नंबर यायचे, शेजारी त्यांच्या आईबापांचे नंबर, आणि खाली प्रश्न: वाय की एन, म्हणजे जोडी लावू की नको? ती कॉलेजात असताना तिथे बसायचं काम अण्णांकडे आलं. "फक्त वाय दाबायचं," ती बजावून जायची. अण्णा आंघोळ करून, चष्मा पुसून बसायचे. मी स्वयंपाकघरातून त्यांचं पुटपुटणं ऐकायची. "अरेरे, हे काय." "छे छे." मला वाटायचं, म्हातारपणी करमणूक चालली आहे.

आणि प्रोग्रॅम चालला. सरावाचा मजकूर एका संध्याकाळी हळूहळू उघडला. मंदाने मला स्वयंपाकघरातून ओढत आणून तो दाखवला. थांबे आता नकोत म्हणून तिने ते काढून टाकले, फ्लॉपी पर्समध्ये घातली आणि ठाण्याला गेली.

परत आली ती चप्पल न काढता पलंगावर बसली.

"नाही उघडला, वहिनी. थोडा वेळ छान चाललं, मग सगळ्या किल्ल्या एकसारख्या झाल्या. सख्ख्या बहिणींसारख्या. त्यांची मुलंही तशीच. पुढे सरकेचना." पाहुणे घड्याळ बघत होते म्हणे. सरांनी पुढच्या सोमवारी शेवटची संधी दिली होती. "घरी हाच प्रोग्रॅम चालला होता. मग तिथे काय झालं?"

अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली. "तिथे वाय कोण दाबत होतं?"

"कुणी नाही. थांबे काढले ना. सारखं वाय तर दाबायचं होतं."

"सारखं?"

मंदाने मान वर केली. "अण्णा, तुम्ही काय दाबत होतात?"

"जमण्यासारखं असेल तिथे वाय."

"आणि नसेल तिथे?"

"अगं, दोघांचा बाप एक. समोर नंबर दिसतोय. माझ्या हाताने मी भावाबहिणीचं लावू?"

"त्या किल्ल्या आहेत, अण्णा."

"तूच म्हणालीस ना, मुलं होतात म्हणून."

मंदा इतकी चिडली की जेवली नाही. पण भांडी घासून होईतो ती कॉम्प्युटरपाशी गेली होती. तिला कळलं: नुसते मार्क बघून जोड्या लावल्या की एकाच घरातल्या पोरांची लग्नं एकमेकांत लागत होती. अण्णांनी तसल्या जोड्या मोडल्या, म्हणून घरी पिढ्या वेगवेगळ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी जेवताना तिने अण्णांच्या ताटात जास्तीची पोळी वाढली.

नियम प्रोग्रॅममध्ये घालायचा ठरल्यावर खरं भांडण झालं.

"पहिला नंबर बापाचा धर," अण्णा म्हणाले. "देवक बापाकडून. मामाची मुलगी चालेल."

"मामा नाही, कुणी नाही. दोन किल्ल्यांची निम्म्याहून जास्त अक्षरं सारखी असली, की जोडी बाद."

"म्हणजे तोंडावळा बघून? तोंडावळ्यावरून कुळ कळतं होय? नाथा दिसतो माझ्या भावासारखा."

"मग नाथाला आपली मुलगी देऊ नका."

माझे यजमान पेपराआड हसले. नियम मंदाचाच राहिला, आणि अण्णा दोन दिवस तिच्याशी माझ्यामार्फत बोलत होते.

सोमवारी संध्याकाळी ती आली तेव्हा चप्पल दारातच काढली. मजकूर उघडला होता. एक अक्षर चुकलं, ते सरांनीच हसून दुरुस्त केलं. पाहुण्यांनी विचारलं, जोड्यांवरचं हे बंधन कुठून आलं? तिने सांगितलं, घरातून. सरांना वाटलं ती विनोद करते. विषय राहिला.

मी साखर वाटली. अण्णांनी तोंडात टाकली, पण चेहरा काही खुलेना.

"उघडलं ना, अण्णा?" मी म्हटलं.

"उघडलं. पण ज्या किल्लीने उघडलं, ती कुणाच्या घरची?"

"आईबापांच्या मागचं लिहून नाही ठेवत मशीन," मंदा म्हणाली. "जुन्या पिढ्या पुसून टाकतं. जागा पुरत नाही."

अण्णांनी पडद्याकडे बोट केलं. "एवढी लग्नं लावली, एवढी गुणी मुलगी निघाली, आणि तिच्या आजोळचं नाव कुणाला माहीत नाही?"

मंदाने माझ्याकडे पाहिलं. मग बाह्या सावरून खुर्ची ओढली आणि म्हणाली, "वहिनी, माझं ताट झाकून ठेवा. मशीनला वंशावळ लिहायला शिकवायचं म्हणजे वेळ लागेल."

अण्णांनी आपली खुर्ची तिच्या शेजारी आणली.