चौदा एप्रिल मोकळा आहे ना

एप्रिल जवळ आला की माझं डोकं तापायला लागतं, आणि त्यात उन्हाचा काही हात नसतो.

मी ठाण्यात खोपटला एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात काम करते. कुणाच्या खात्यात किती, कुणाचं कर्ज किती थकलं, हे सगळं ज्या कपाटाएवढ्या यंत्रात साठवलेलं असतं त्याला आम्ही स्टोरेज म्हणतो. ते माझ्या ताब्यात. त्याच्या आतलं सॉफ्टवेअर जुनं झालं की नवीन कधी चढवायचं, ह्या एका प्रश्नाने माझे अर्धे केस पांढरे केलेत.

लोकांना वाटतं, मोबाइलसारखं असेल, बटण दाबलं की झालं. डोंबलाचं झालं! तुमचा मोबाइल बंद पडला तर तुमचा पडतो. हे पडलं तर ठाण्यापासून कल्याणपर्यंत आमच्या एकाही एटीएममधून नोट निघायची नाही. यंत्र बनवणारी कंपनी म्हणते, काम चालू असतानाच होतं, अर्धं यंत्र ओझं उचलतं तोवर उरलेलं अर्धं बदलायचं. कंपनीचं काय जातंय म्हणायला. म्हणून आम्ही सुट्टीचा दिवस बघतो. शिवाय नवी आवृत्ती आली रे आली की चढवायची नाही, हा माझा नियम. आधी दुसऱ्या बँकांना चढवू द्यायची, त्यांची बोंबाबोंब ऐकायची, कंपनी दुरुस्ती काढेल, ती जरा मुरली की मग आपण. पण फार लांबवलं तर जुन्या आवृत्तीला कंपनी विचारत नाही, मग रडत बसा.

या वर्षी कंपनीने कळवलेलं की मे संपला की जुन्याला आधार बंद. मार्च अखेरीला तर यंत्राकडे बघायचंही नसतं. म्हणजे उरले एप्रिल आणि मे. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं.

मग मीटिंग. आमचे आयटीचे प्रमुख, त्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणतो, अतिशय सभ्य माणूस. शुद्ध बोलतात, आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे धड भांडताही येत नाही. समोर शाखांचं काम बघणाऱ्या मॅडम. मी म्हटलं, एप्रिलचा चौथा शनिवार घेऊ, बँक बंदच असते, तोवर दुरुस्तीही मुरेल.

"चौथ्या शनिवारी माझ्या पुतणीचं लग्न आहे नाशिकला," साहेब म्हणाले. "एवढं मोठं काम असताना मी इथे हजर हवा."

रविवार म्हटला तर मॅडम म्हणाल्या, रविवारी लोक खरेदीला बाहेर पडतात, एटीएमवर रांगा असतात. मे म्हटला तर मेमध्ये अर्धी बँक गावाला. अक्षय्य तृतीयेच्या आसपास तर नावच काढू नका, सोनेतारणाची झुंबड असते. मी आपली एकेक तारीख पुढे करतेय आणि दोघं मिळून पत्ते पिसल्यासारखे सगळे दिवस बाजूला टाकतायत. मग साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, आणि ते काय बोलणार हे मला त्यांच्या मानेवरूनच कळलं.

"चौदा एप्रिल मोकळा आहे ना? बँकेला सुट्टी, कुणाची काही अडचण नाही."

कुणाची काही अडचण नाही! दरवर्षी हेच. कधी स्टोरेज, कधी बॅकअप, कधी नेटवर्कचं काहीतरी, ज्याला दिवस मिळत नाही ते काम चौदा एप्रिलला. आणि मी बोलले नव्हते असंही नाही. पहिल्याच वर्षी सांगितलेलं, साहेब, त्या दिवशी आमच्याकडे जयंती असते. तर म्हणाले, "मिरवणूक संध्याकाळी असते ना? तोवर होऊन जाईल, आणि मी फोनवर असेनच." फोनवर! चौदा एप्रिलला फोनवर चालतं, आणि चौथ्या शनिवारी मात्र हजर हवेत. त्यानंतर दरवर्षी मी सांगायची, ते दरवर्षी तितक्याच आपुलकीने विसरायचे.

या वर्षी मात्र गोष्ट वेगळी होती. माझी आई कळव्याला राहते. पालिकेच्या दवाखान्यात ती आया होती, वस्तीतल्या निम्म्या पोरांना पहिली आंघोळ तिने घातलेली. विहारातल्या बायकांनी ठरवलं, यंदा जयंतीला सकाळी वंदना झाली की हिचा सत्कार करायचा. आईने लगेच अट घातली. मला फोन करून म्हणाली, "तू आलीस तर मी स्टेजवर चढीन. नायतर त्यांना सांग, शाल घरी आणून द्या."

"अगं, मला सुट्टी नाही मिळाली तर?"

"सगळ्या देशाला सुट्टी असते त्या दिवशी. तुलाच कशी नसते गं?"

आई एकदा नाही म्हणाली की नाही, हे मला माहीत होतं. सत्तरी उलटलेली बाई, पुढच्या वर्षी गुडघे तिला त्या पायऱ्या चढू देतील याची कोण खात्री देणार?

तर मीटिंगमध्ये मी आधी धंद्याचं कारण काढलं. म्हटलं, दुरुस्ती आत्ताच आलेय, चौदा तारखेला ती कच्ची असेल. हे खरंच होतं. साहेब म्हणाले, "आपण थोडी जोखीम घेऊ या." ज्यांना लग्नाची तारीख हलवता येत नाही ते जोखीम घ्यायला निघालेले! माझं टाळकंच सरकलं.

"साहेब, मग लक्ष्मीपूजनाच्या दिवशी करू या का?"

"अहो, असं कसं? दिवाळीत माणसं घर सोडून येतील का?"

"तेच म्हणतेय मी. चौदा एप्रिल ही माझ्या घरातली दिवाळी आहे. त्या दिवशी मी येणार नाही. फोनवरही नसेन."

मॅडम पाण्याची बाटली उघडायला लागल्या. साहेब जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं." मला हसावं की टेबल उलथावं तेच कळेना. "दरवर्षी सांगते," एवढंच म्हटलं. मग दोन मिनिटांत चौथा शनिवार ठरला. साहेब म्हणाले, लग्नातून फोनवर असतील. म्हणजे हे जमत होतं तर!

चौदाला सकाळी मी कळव्याला. आईने पांढरी साडी नेसलेली, निळ्या काठाची. पायऱ्यांवर तिने माझा दंड असा घट्ट धरला की बोटं उमटली. शाल घालताना खालून एका बाप्याने ओरडून सांगितलं, "मावशी, मला पण तुम्हीच आंघोळ घातलेली!" सगळा मांडव हसला. आई माईकसमोर नुसते हात जोडून उभी राहिली, आणि मी ढसाढसा रडले.

मांडवातच फोन थरथरला. साहेबांचा मेल, सगळ्या शाखांना, सोबत कामांच्या ऑनलाइन नोंदीचा तक्ता. अपग्रेड चौदा तारखेऐवजी चौथ्या शनिवारवर ढकललं आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं: 'संबंधित कर्मचाऱ्याची वैयक्तिक अडचण.' मागे हेच काम गणपतीत पुढे गेलं, तेव्हा त्याच रकान्यात 'गणेशोत्सव' असं लिहिलेलं.

मी तिथेच उभ्या उभ्या सगळ्यांना उत्तर पाठवलं: 'कारणात दुरुस्ती करावी. अडचण नाही, सण आहे.'

साहेबांनी त्यावर अंगठा पाठवला. चौथ्या शनिवारी अपग्रेड सुरळीत झालं, एकाही खात्याला धक्का लागला नाही. तो रकाना फक्त साहेबांना बदलता येतो. त्यात अजून माझी वैयक्तिक अडचणच लिहिलेली आहे.