कॉम्प्युटरने नाकारलेली लेक

पाथर्डी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात मी तेव्हा रायटर होतो, म्हणजे साहेबांचे कागद लिहिणारा हवालदार. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. एका गावात आटलेल्या विहिरीचा गाळ काढताना पोतं निघालं आणि पोत्यात माणसाची हाडं. पंचनामा मीच लिहिला.

दुसऱ्या दिवशी एक ऊसतोड करणारी बाई ठाण्यात आली. तिची थोरली लेक त्याच गावात दिलेली, दोन वर्षांपासून बेपत्ता. सासरचे सांगायचे, ट्रॅक्टरवाल्याबरोबर पळाली. बाईनं जबड्यातल्या एका आडव्या दातावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "माजीच हाय ही."

साहेबांनी हाडाचा तुकडा आणि बाईचं रक्त माझ्याबरोबर परराज्यातल्या प्रयोगशाळेत पाठवलं. हाडं जुनी असल्यामुळे नेहमीची डीएनए तपासणी चालणार नव्हती. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मात्र जुन्या हाडातही टिकतो आणि तो लेकराला फक्त आईकडून मिळतो. डीएनए म्हणजे अक्षरांची एक लांब ओळच, आईची आणि लेकीची ती अक्षरं सारखी निघायला हवीत. ती ताडून बघायचं काम कॉम्प्युटर करणार, असं तिथल्या माणसानं मला समजावलं.

सात महिन्यांनी अहवाल आला. नमुने जुळत नाहीत, मायलेकीचं नातं संभवत नाही.

साहेबांनी बाईला बोलावलं, जावयाला आणि त्याच्या आईलाही. व्हरांड्यात सगळ्यांसमोर मी अहवाल मोठ्यानं वाचला.

"कायतरी चुकलंय, भाऊ," बाई म्हणाली.

"कॉम्प्युटर चुकत नसतो," मी म्हणालो. मी तोवर कॉम्प्युटर एकदाच, त्या प्रयोगशाळेत पाहिला होता.

विहीणबाई तिच्याकडे वळली. "आता तरी पटलं का? नांदायचंच न्हवतं तुज्या पोरीला."

जावई हसला. साहेब हसले. मीही हसलो.

त्याच महिन्यात बाईच्या धाकट्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं. पळालेलीची बहीण कुणाला नको होती. जावयानं दुसरी बायको केली. हाडं बेवारस म्हणून नदीकाठी पुरली गेली. खड्ड्यावर खूण करायला कुणी सांगितलं नव्हतं, आम्हीही केली नाही.

वर्षभरानं प्रयोगशाळेचं दुसरं पत्र आलं. जुने अहवाल नव्या प्रोग्रॅमवर आणि डोळ्यांनी पुन्हा तपासताना चूक सापडली होती. एका ठिकाणी एकच अक्षर ओळीनं पुन्हापुन्हा येतं. आईच्या रक्तात ते एकदा जास्त होतं. सख्ख्या मायलेकींत एवढा फरक पडू शकतो. पण जुन्या प्रोग्रॅमनं तिथून पुढची सगळी ओळ एक घर सरकवून ताडली आणि प्रत्येक अक्षर वेगळं मोजलं. खरं तर दोन्ही नमुने जुळत होते.

बाई तेव्हा श्रीरामपूरकडे एका कारखान्याच्या तळावर होती. मी गेलो तर पाचटाच्या कोपीपुढं बसून वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे भारे बांधत होती. मी सांगितलं. तिनं हातातला भारा पुरा बांधला.

"हाडं कुठं हायेत?"

"पुरली."

"कुठं?"

मला सांगता आलं नाही.

"तवा तुमी हसले हुते," ती म्हणाली.

जावयाला अटक झाली, खटला चालला. त्याच्या वकिलानं दोन्ही अहवाल शेजारी शेजारी धरले आणि प्रयोगशाळेच्या साक्षीदाराला विचारलं, "पहिल्या वेळीही तुम्ही खात्रीनंच सही केली होती ना?" साक्षीदार हो म्हणाला. जावई सुटला, आणि कोर्टाबाहेर त्याच्या भावकीनं पेढे वाटले. एकानं बाईपुढंही खोका धरला.

त्यानंतर ती एकदाच ठाण्यात आली. तपासायला नेलेला तुकडा तरी प्रयोगशाळेतून परत मागवा, तेवढाच पाण्यात सोडते, म्हणाली. मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की चाचणीसाठी त्या हाडाची भुकटी केली होती, शिल्लक काही नाही. तेही तिला मीच वाचून दाखवलं.