एका जात्यावरच्या तीन बोली

लग्न होऊन माकणीला आले तेव्हा मला मराठी येत नव्हतं. माझं माहेर आळंदकडचं, घरात सगळं कानडी. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती, त्यामुळं बाजारातली दख्खनी उर्दू तेवढी कानावर होती. सासूबाई काही सांगत आणि मी नुसती मान हलवी. पाणी मागितलं तर मीठ घेऊन जाई. "मुकी सून आणली का काय आमी," असं त्या एकदा शेजारणीला म्हणाल्या. शब्द कळले नाहीत, सूर कळला.

पहाटे मात्र आम्ही दोघी एका जात्यावर बसायचो, एकाच खुंट्याला हात लावून. त्या ओव्या म्हणत. एके दिवशी त्या दम घ्यायला थांबल्या आणि माझ्या तोंडून माझ्या आईचं कानडी गाणं निघून गेलं. मी घाबरून गप्प झाले. त्यांनी जातं थांबवलं नाही. मानेनंच खुणावलं, चालू दे.

गाण्यात 'अण्णा' हा शब्द पुन्हापुन्हा येत होता. सासरी वडिलांना अण्णा म्हणत, म्हणून त्यांना वाटलं, पोर बापासाठी झुरतेय. दुपारी त्यांनी शेजारच्या भाभींना बोलावलं. भाभींचे मालक बांगड्या विकायचे. भाभींना मराठी येई, आणि त्यांची दख्खनी मला कळे. मी मोडक्यातोडक्या दख्खनीत सांगितलं, अण्णा म्हणजे थोरला भाऊ. तो बहिणीला 'तवरु'ला न्यायला येतो, असं ते गाणं आहे.

"तवरु म्हंजे म्हायेर, काकी," भाभी म्हणाल्या.

सासूबाईंनी रोजचीच एक ओवी हळू आवाजात म्हटली:

माळाच्या वाटंवरी धुरळा उडतो कुणाचा
बैल वळखीचे बाई, छकडा माझ्या बंधवाचा

भाभींनी मला अर्थ सांगितला. मी विचारलं, यांचे भाऊ येतात कधी? भाभींनी तो प्रश्न पुढं नेला नाही. सासूबाई आत गेल्यावर त्यांनी सांगितलं, काकींना भाऊच नाही, माहेरी त्या एकट्याच. मला वाटायचं, गाण्यात घडलेलंच सांगतात. जो भाऊ जन्मालाच आला नाही त्याला रोज पहाटे दारात आणणारी ही बाई मी समजत होते तशी करडी नव्हती. घरातल्या कुणी मला तिच्याविषयी इतकं सांगितलं नसतं.

तिथून माझं मराठी जात्यावरच वाढलं. एक त्यांची ओवी, एक माझं गाणं. शब्द अडला की त्या अर्थ विचारायच्या आणि तो पक्का करूनच पुढं सरकायच्या. भाभीही दळण घेऊन येऊ लागल्या. त्यांचं गाणं अल्ला-नबीच्या नावानं सुरू व्हायचं आणि थोड्या वेळानं माहेरच्याच वाटेला लागायचं.

मध्यंतरी भाषेवरून राज्यं वाटली गेली. माझं माहेर म्हैसूर राज्यात गेलं, सासर मुंबई राज्यात. पारावर पुरुष फार बोलत होते. सासूबाईंनी माझ्या मालकांना एवढंच विचारलं, तिकडच्या गाड्या बंद होणार का? नाही म्हटल्यावर त्या दळायला बसल्या.

पुढं भाभींच्या मुलीचं लग्न निघालं. हळद आमच्याच जात्यावर दळली. नवऱ्या मुलाकडच्या बायका नळदुर्गाहून आल्या होत्या, ओसरीत दाटीवाटीनं बसल्या होत्या. भाभींनी गायलं, सासूबाईंनी गायलं, मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एवढ्या परक्या बायकांत माझा आवाज आधी कापला, मग लागला.

नवऱ्या मुलाची म्हातारी आत्या म्हणाली, "ये कौनशी बोली है? किसकी बहू है ये?"

"माजी सून हाय," सासूबाई म्हणाल्या. "कानडी गानं हाय त्ये. अर्थ म्या शिकलाय. तुमी नीट बसा, सांगते."

मी एक ओळ म्हणे, सासूबाई ती मराठीत सांगत, भाभी दख्खनीत. लेक निघताना आई तिच्या पदराला ज्वारी बांधते, त्या ओळीला भाभींचा आवाज गेला. लेक त्यांचीच निघाली होती. आत्यानं डोळे पुसले आणि ती ओळ पुन्हा म्हणायला लावली. मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या ताठ बसल्या होत्या, आणि ओसरीतल्या एकेका बाईकडं अशा बघत होत्या की जणू ते गाणं त्यांनीच पोटात वाढवलं होतं. माझ्या बोलीचा असा मान मी माहेरीही पाहिला नव्हता.

जाताना आत्यानं मला पुढच्या लग्नाला नळदुर्गाला यायचं आवतण दिलं. मी काही म्हणायच्या आत सासूबाई बोलल्या, "एकटी न्हाय यायची ती. मी बी येनार. अर्थ कोन सांगल?"

आम्ही तिघी गेलो. घसे बसेपर्यंत गायलो, आणि परतताना एसटीत सासूबाईंनी शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला माझं माहेर कुठलं, ते आपणहून सांगितलं.