दादाची क्लचपरीक्षा

माझा मोठा भाऊ गाड्या बघतो. विकत नाही, दुरुस्त करत नाही, नुसता बघतो. कुणाला जुना ट्रक घ्यायचा असला की लोक त्याला बोलावतात. नाही बोलावलं तरी तो जातो. बॉनेटवर थाप मारायची, डोळे मिटून, मान कलती करून इंजिन ऐकायचं आणि नाडी सापडल्यासारखा हुंकार द्यायचा. घर वहिनीच्या शिलाई मशीनवर चालतं.

त्याच्या लेखी गाडी कधीच खराब नसते. गिअर टाकताना खरखर झाली तर चालवणाऱ्याचा पाय कच्चा. त्याने पास केलेल्या एका टेम्पोचा गिअर चालता चालता सुटायचा. मालक बिचारा एका हाताने दांडा दाबून धरायचा, दुसऱ्याने स्टिअरिंग. "हाताला सवय होते," हे दादाचं निदान.

त्यामुळे माझ्या मुलाने स्वतःचा ट्रक घ्यायचं काढलं तेव्हा मी धास्तावले. डोंगरापलीकडच्या खाणीतून दगड आणायचं काम त्याला मिळणार होतं. भरलेली गाडी, वळणावळणाचा चढ, आणि ऐन चढावर क्लच घसरला तर गाडी मागे, दरीकडे.

"आई, मामा बघतोय ना!"

"म्हणूनच मी येतेय."

जुन्या गाड्या विकणाऱ्या व्यापाऱ्याचं आवार उतारावर होतं आणि सगळ्या ट्रकांची तोंडं खाली. ब्रेक सोडला की गाडी आपसूक पळणार, क्लचला काही कष्टच नाहीत. मामा-भाचे खालच्या सपाट रस्त्यावर फेरी मारून आले ते हसतच.

"लोणी आहे लोणी!" दादा म्हणाला.

"उतारावर माझे गुडघेसुद्धा लोणीच असतात. चढावर घेऊन जा."

"ताई, वरचा रस्ता खणून ठेवलाय हो," व्यापारी घाईने म्हणाला.

माझ्या बोलण्याने दादाला मात्र मिरची झोंबली. "तुला क्लचची परीक्षाच हवी ना? इथेच देतो दाखवून."

त्याने चाकांना दगड लावले, हँडब्रेक खेचला, वरचा गिअर टाकला, इंजिनाला रेस दिली आणि क्लचवरचा पाय काढला. ट्रक जागचा हलला नाही. इंजिन मात्र मजेत गुरगुरत राहिलं. खालून जळका वास येऊ लागला.

दादाने खिडकीतून डोकं काढलं. "बघ! ब्रेक लावलाय, गिअर टाकलाय, तरी इंजिन बंद पडत नाही. याला म्हणतात दम!"

"असं इंजिन आता मिळत नाही," व्यापाऱ्याने मान डोलावली.

"दादा," मी म्हटलं, "मी गाडी शिकत होते तेव्हा ब्रेक दाबून क्लच सोडला की दर वेळी गचका बसून गाडी बंद पडायची. तू मागे बसून पोट धरून हसायचास. मग ही का बंद पडत नाही? चाकं तर फिरत नाहीत. इंजिनाचा जोर जातोय कुठे?"

दादाने रेस आणखी वाढवली. परीक्षा त्याला पाठ होती. पास कशाला म्हणतात, तेवढं विचारायचं राहिलं होतं.

मुलाने वाकून वास घेतला. त्याचा चेहरा उतरला. या ट्रकवर त्याने मनातल्या मनात नावसुद्धा रंगवलं असणार. "मामा, क्लच प्लेट घसरतेय. बंद कर."

"थोडी घसरतेच रे. अशी गाडी सोडणारा वेडा!"

"मग तूच घे की," मी म्हटलं.

व्यापारी बघत होता, बहीण बघत होती, भाचा बघत होता. दादाने खरंच घेतली!

आता ट्रक त्याच्या दारात उभा असतो आणि वहिनी त्याच्या हौद्यात गाद्या वाळत घालते. माझा मुलगा अजून दुसऱ्याची गाडी चालवतो आणि माझ्यावर जरा घुश्शातच असतो. असू दे. घुश्शात का होईना, घरी येतो.

परवा दादा दारात येऊन उभा. "नवी गाडी बघताय म्हणे? मी येतो ना बरोबर."

मी काही बोलायच्या आत मुलगाच म्हणाला, "ये ना मामा. आम्ही चढावरच्या आवारात जाणार आहोत. तू तुझा ट्रक घेऊन ये."