मेलेल्या माणसाचा हेवा

तो गेल्याची बातमी आली त्या दिवशी माझं दुकान सकाळी साडेआठलाच भरलं. जव्हारच्या एसटी स्टँडसमोर माझं मोबाइलचं दुकान आहे, मधोमध उभं राहून हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं. रिचार्ज, कव्हर, फुटलेल्या काचा बदलणं, आणि मेमरी कार्डात गाणी भरून देणं. वावर-वांगणीकडच्या पाड्यांवर अजून धड रेंज नाही, म्हणून लोक बाजाराला आले की कार्ड भरून नेतात. त्या दिवशी सगळ्यांना त्याचीच गाणी हवी होती.

तो म्हणजे आमच्याकडचा गायक. मोखाड्याच्या बाजूच्या पाड्यावरचा, तिशीसुद्धा न गाठलेला. एक कीबोर्ड, दोन मोठे स्पीकर आणि आमच्या घरच्या बोलीतली लग्नाची गाणी, एवढ्यावर त्यानं सगळा डोंगर डोक्यावर घेतला होता. आदल्या दिवशी शेतावरून आला, छातीत कळ आली म्हणून बसला, आणि तिथंच संपला. भिवंडीच्या कामावर गेलेली पोरं मला फोन करून विचारत होती की बातमी खरी आहे का. एक टेम्पोवाला काउंटरवर डोकं टेकून रडला. मी त्याला पाणी दिलं आणि त्याचा पेनड्राइव्ह भरून दिला.

हात काम करत होते आणि आतून मी जळत होतो. लाज वाटते सांगायला, पण मेलेल्या माणसावर मी जळत होतो. कारण सकाळी घरून निघालो तेव्हा माझी बायको चुलीपुढे बसून हमसून हमसून रडत होती. भाकरी तव्यावर करपली तरी तिला पत्ता नव्हता. मागच्या साली मला कावीळ झाली होती, उठवत नव्हतं, तेव्हा या बाईनं मला झाडपाला पाजला, बिनतेलाचं खाऊ घातलं, सगळं केलं, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. उलट पाचव्या दिवशी म्हणाली होती की आता उठ, गोठ्याचं दार मोडलंय.

बायको म्हणतो खरं, पण आमचं लग्न झालेलं नव्हतं. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. आमच्याकडे दोघांचं जमलं, घरच्यांनी बोलणी केली, की मुलगी नांदायला येते. मांडव, हळद, गावजेवण आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी हे सगळं नंतर, सवडीनं. कुणाचं दोन वर्षांनी होतं, कुणाचं वीस. बाप आणि लेक एकाच मांडवात हळदीला बसलेले मी पाहिलेत. कुणी नावं ठेवत नाही. आमची मुलगी पहिलीत गेली होती आणि मी अजून ‘पुढच्या वर्षी’ म्हणत होतो. आधी भातलावणीचं कारण, मग दिवाळीचं, मग दुकानाचं. खरं कारण असं की ती घरात होतीच. मग घाई कसली.

त्याच दुपारी त्याच्या मातीला ती गेली, जीप माझ्या दुकानासमोरूनच सुटली. मला विचारलं नाही, सांगितलं फक्त. पाड्यावरच्या दोघीजणी बरोबर होत्या, जीप भरून बाया निघाल्या होत्या. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. मी म्हणालो, मयतीला कुणी एवढं नटून जातं का. ती पदर खोचून जीपमध्ये चढली. संध्याकाळी आली ती आवाज बसलेला घेऊन. माझ्या आईच्या मातीलासुद्धा तिचा आवाज बसला नव्हता, हे मी मनात नोंदवून ठेवलं. मी असल्या नोंदी ठेवणारा माणूस आहे.

पुढचे आठ दिवस मी त्याच्यात खोट शोधत होतो. वरच्या पट्टीत त्याचा आवाज फाटायचा. केसांना कसलासा तांबडा रंग लावायचा. प्रत्येक गाण्यात तीच ती चाल. दुकानात येणाऱ्याला मी हे ऐकवायला गेलो तर लोक माझ्याकडे असं बघायचे की मी गप्प बसायचो. त्यातून अडचण अशी की माणूस वाईट नव्हता. एकदा चार्जरची वायर घ्यायला माझ्या दुकानात आला होता, मला दादा म्हणाला, गर्दी असताना आपला नंबर येईपर्यंत उन्हात उभा राहिला. त्याचा राग यावा असं त्यानं काहीच केलं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. माझ्या आवाजात या तालुक्यानं एकच वाक्य ऐकलंय, ‘सिम दोन तासांत चालू होईल.’

चौक त्याच्या फोटोंनी भरला. शाळेतली पोरं रांगेत त्याची गाणी गुणगुणत जायची. घरी आमची मुलगीही तेच, आणि तिची आई तिला थांबवण्याऐवजी शेजारी बसून ओठ हलवायची.

नवव्या दिवशी बायकोनं आपला फोन माझ्या हातात दिला. कार्ड जुनं झालंय, मधेच अडकतं, नवं घाल आणि यातलं सगळं त्यात घे, म्हणाली. सगळं, एकही सोडू नको. मी फोन खिशात टाकला आणि घाट उतरेपर्यंत माझं ठरलं होतं. कार्ड खराब झालं होतं, काही निघालं नाही, असं सांगायचं. दुकानदाराचं कुणी तपासत नाही. गाणी गेली की हळूहळू तोही जाईल.

दुपारी गिऱ्हाईक नसताना मी तिचं कार्ड लावलं. गाण्यांच्या फोल्डरखाली रेकॉर्डिंगचं फोल्डर होतं, आणि त्यात एकच फाइल, चार वर्षांपूर्वीची. नाव म्हणून फक्त त्याचं नाव टाकलेलं. आठ दिवस मी उगाचच जळत नव्हतो, असं वाटलं. शटर अर्धं ओढलं आणि इयरफोन कानात घातले.

आधी गाड्यांचे आवाज, भोंगा, कुणीतरी नाशिक गाडीची चौकशी करतंय. जागा माझ्या ओळखीची होती, माझ्याच दुकानासमोरचं स्टँड. मग तिचा आवाज, लाजलेला, मी कधी न ऐकलेला. आमच्या लगनाला येशील का, ती विचारत होती. तो म्हणाला, येईन की, नवऱ्याचं नाव काय? तिनं माझं नाव सांगितलं. आणि तो तिथंच, सामानाच्या गराड्यात, टाळीवर ताल धरून गायला लागला. लग्नाच्या गाण्यात नवरा-नवरीची नावं घालतात तशी त्यानं आमची नावं घातली, आधी तिचं, मग माझं. माझं नाव इतकं बरं ऐकू येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

गाणं संपल्यावर तो म्हणाला, “तारीख सांग ताई, वहीत लिहून ठेवतो.”

मधे एक गाडी सुटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “तो ठरवंल तवा सांगन.”

तेवढंच होतं. मी ते पुन्हा ऐकलं, मग पुन्हा. समोरून दोन माणसं शटर वाजवून गेली. मग मी नवं कार्ड घेतलं आणि सगळं त्यात उतरवलं, एकही न सोडता.

घरी गेलो तेव्हा ती नागली पाखडत होती. मी फोन दिला आणि म्हणालो, ते रेकॉर्डिंग ऐकलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही. चार वर्षं मला का नाही ऐकवलंस, मी विचारलं. ती म्हणाली, ऐकवलं असतं तर तुला वाटलं असतं मी लगनासाठी मागं लागले. मग मी ते विचारलं जे विचारायला नको होतं. तू इतके दिवस रडलीस ती लग्नासाठी का त्याच्यासाठी?

तिनं सूप थांबवलं. “त्यानं तारीख इचारली,” ती म्हणाली. “तू एक डाव तरी इचारलीस?”

भांडण असतं तर मी भांडलो असतो.

आमचं लग्न पुढच्याच उन्हाळ्यात झालं. मांडवात कीबोर्ड नव्हता, कुठल्याच गाणाऱ्या पार्टीला बोलवायचं नाही असं तिनंच सांगितलं होतं. धवलेरीनं गायलं आणि बायांनी साथ दिली. जेवायला बसलेल्या कुणीतरी थट्टेनं तिला विचारलं, एवढी वर्षं तुझा नवरा हालला नाही, यंदा त्याला कोणी हालवलं? तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही आणि त्याचं नाव सांगितलं. लोक हसले नाहीत, माना हलवल्या. अजूनही कुणी विचारलं की ती तेच सांगते, आणि अजूनही माझ्या पोटात दुखतं. पण मी तिला खोटं पाडत नाही, कारण माझ्या लग्नाची तारीख मी ठरवली नव्हती.